मधूनच कॉलेज बदलून नांदेडला आलात? आधी भाग्यनगरचं हे झेरॉक्सचं दुकान गाठा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलून नांदेडला आलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. पहिल्या वर्षाला येणाऱ्यांचं बरं असतं. सगळे एकाच रांगेत उभे असतात, एकाचं बघून दुसरा फॉर्म भरतो. मधूनच येणारा मात्र एकटा असतो. त्याचे कागद वेगळे, अडचणी वेगळ्या, आणि वर्गात नावानं हाक मारणारं कुणी नाही. अशा वेळी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली जागा म्हणजे नांदेडच्या भाग्यनगरमधलं एक छोटं दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. पाटीवरची अक्षरं पार उडाली आहेत. सगळे त्याला मामांचं झेरॉक्स म्हणतात. मामा मशीनवर असतात, मामी कॉम्प्युटरवर.

मी उमरखेडची. आमच्याकडे मोठा दवाखाना म्हटलं की नांदेड, लग्नाचा बस्ता म्हटलं की नांदेड. पण पैनगंगा ओलांडली की विद्यापीठ बदलतं. आमचं कॉलेज अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाखाली, इथली कॉलेजं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली. आईचे उपचार इथे सुरू झाले, घरच इकडे हललं, आणि मी पहिलं वर्ष पास होऊन केमिस्ट्री घेऊन इथे आले. अंतर थोडं असलं तरी कागदांच्या हिशेबानं मी परक्या विद्यापीठातली होते.

दुकानात पहिल्यांदा गेले ती मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला. मामांनी मार्कशीटवरचं विद्यापीठाचं नाव वाचलं आणि मशीन थांबवून विचारलं, "बदलून येऊलालीस का माय? टीसी काढलीस का?"

नाही म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "मग काढू नकोस आत्ताच. आधी इथलं कॉलेज घेतो म्हणून लिहून देऊ दे."

या एका वाक्यासाठी मी या दुकानाला पाचपैकी पाच देईन. जुन्या कॉलेजातून टीसी एकदा काढली की तिथली जागा गेली. इकडे विषय जुळले नाहीत तर ना इकडचे, ना तिकडचे. मामांनी एका कोऱ्या कागदावर क्रम लिहून दिला. आधी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम जुन्या कॉलेजातून सही-शिक्क्यानिशी आणायचा आणि इथल्या विभागात दाखवायचा. विषय जुळतात असं त्यांनी म्हटलं की नवीन कॉलेजची लेखी संमती, जुन्या कॉलेजचं ना-हरकत, मग टीसी, मग अमरावतीहून मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, आणि शेवटी इथल्या विद्यापीठाचा पात्रतेचा फॉर्म. हे सगळं कुठेतरी लिहिलेलं असेलही, पण कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे समोर बसून सांगणारं माणूस मला दुसरीकडे भेटलं नाही. एका ऑफिसच्या खिडकीवर मला फक्त "सगळे कागद घेऊन या" एवढंच ऐकायला मिळालं होतं.

क्रेडिटचं, म्हणजे पास झालेल्या विषयांबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकांचं काम मामींनी केलं. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एका सेमिस्टरचे २२ क्रेडिट, म्हणजे वर्षाचे ४४ धरतात. ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, आपल्या नावावर जमा व्हायला हवेत. मामींनी माझ्याच मोबाइलवर डिजीलॉकर उघडायला लावलं आणि खातं तपासलं. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. अशा फरकानं क्रेडिट अडकतात, हे त्यांनीच दाखवलं, आणि नाव दुरुस्तीचा अर्ज जुन्या कॉलेजकडेच करायचा असतो हेही सांगितलं. एका हमीपत्रासाठी मी बाँड घ्यायला निघाले होते, तर त्या म्हणाल्या, "आधी कॉलेजात विचारून ये, साध्या कागदावर चालेल." चाललं. दुसऱ्या एखाद्यानं बाँड, टायपिंग, नोटरी असे पाचसातशे रुपये सहज काढले असते.

आता कागदांपलीकडचं. कॉलेज सुरू झालं तेव्हा सगळ्यांचे ग्रुप ठरलेले होते. प्रॅक्टिकलच्या बॅचा पडलेल्या, बाकावरच्या जागा ठरलेल्या, माझा रोल नंबर यादीच्या अगदी शेवटी. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये मला घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळे तास रद्द झाला तरी मी वर्गात एकटी बसलेली असायची. त्यात अभ्यासक्रमाची उलटापालट. तिकडे आम्हाला पुढे असलेला कायनेटिक्सचा, म्हणजे रासायनिक अभिक्रियेच्या वेगाचा भाग इथल्या मुलांचा आधीच झालेला. सर फळ्यावर थेट पुढचं समीकरण मांडायचे आणि बाकी सगळे माना डोलवायचे.

मामांकडे भिंतीला लागून प्लास्टिकच्या पिशव्यांत नोट्सचे संच असतात. वर्ष, विषय, सेमिस्टर असं वर मार्करनं लिहिलेलं. पुढे गेलेल्या मुलांनी आपल्या हातानं लिहिलेल्या वह्या ठेवून दिलेल्या असतात. मला कायनेटिक्स हवं म्हटल्यावर मामांनी एफवायची पिशवी काढली आणि शेजारी जर्नलचं बाइंडिंग करून घेणाऱ्या मुलीला म्हणाले, "ही बी तुझ्याच वर्गातली हाय बघ. हिला ग्रुपात घे की." तिनं तिथंच उभ्या उभ्या माझा नंबर घेतला. आज ती माझ्या बॅचला आहे. टायट्रेशनला आम्ही शेजारी शेजारी ब्युरेट लावतो. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आमच्या घरच्यापेक्षा तिखट असते. आणि ती मला भरपूर वाढते.

सप्टेंबरमध्ये मी दुसऱ्या दिवशी पात्रतेचा फॉर्म द्यायला जाणार होते तेव्हा मामांनी अडवलं. उद्या १७ तारीख, ऑफिसचं काम व्हायचं नाही, म्हणाले, पण झेंडावंदनाला जा, सगळी पोरं येतात. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन मी पुस्तकात वाचला होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, एवढंच ठाऊक. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या दिवसाचं काही नसतं. इथे सकाळी कॉलेजचं मैदान भरलं होतं. ज्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ आहे ते स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्याचे पुढारी होते, आणि विद्यापीठही १९९४ साली १७ सप्टेंबरलाच सुरू झालं, हे मला त्या दिवशी भाषणात कळलं. फॉर्मवर रोज लिहीत असलेलं नाव मला तेव्हा नीट समजलं. वर्गातल्या बऱ्याच जणींशी पहिल्यांदा बोलणं झालं तेही त्याच मैदानात.

दर सांगते. साधी झेरॉक्स दोन रुपये, पाठपोट तीन. ऑनलाइन फॉर्म भरून प्रिंट देण्याचे पन्नास, मोठा फॉर्म असेल तर थोडे जास्त, पण आधी सांगतात. फॉर्ममध्ये त्यांच्याकडून चूक झाली तर पुन्हा भरायचे पैसे घेत नाहीत.

कमतरताही आहेत. जुन्या मशीनवर कागदाच्या कडेला काळी रेघ येते. मार्कशीटसाठी नवीन मशीनवर काढा म्हणून स्पष्ट सांगा. स्पायरल बाइंडिंग कच्चं आहे, जर्नल सेमिस्टरभर वापरायचं असेल तर दुसरीकडे करा. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवसांत इथे उभं राहायला जागा नसते, आणि मुलींना त्या गर्दीत खरंच त्रास होतो. मामांनी एक बाजू मुलींसाठी वेगळी ठेवली तर फार बरं होईल, हे मी त्यांना बोलून दाखवलं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, आपण कागद व्हॉट्सअॅपवर पाठवतो ते त्यांच्या कॉम्प्युटरवर तसेच पडून राहतात. आधार, मार्कशीट, आईचं बँक पासबुक, सगळं. हे फक्त याच दुकानाचं नाही, पण इथे निदान सांगितलं की काढून टाकतात. काम झाल्यावर मामींना डिलीट करायला सांगा, त्या तुमच्यासमोर करतात, रिसायकल बिनही रिकामं करतात. जिथे चालत असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं.

दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी दोन ते तीन जेवणासाठी बंद, रात्री नऊपर्यंत चालू. रविवारी फक्त सकाळी. बदलीचं काम असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, तेव्हा मामींना वेळ असतो. सोबत पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट, आधारला जोडलेला मोबाइल आणि जुन्या कॉलेजच्या ऑफिसचा फोन नंबर ठेवा. तिकडे काही विचारायचं राहिलं असेल तर मामी तिथूनच फोन लावायला लावतात.