हॉकेनहाइमचा वेटेरामा बाजार: 911 च्या मेकॅनिकल इंजेक्शनसाठी दोन दिवस

माझ्याकडे 1971 ची पोर्शे 911 टी आहे, 2.2 लिटरवाली, युरोपातली, म्हणजे झेनिथ कार्ब्युरेटरची आणि 125 हॉर्सपॉवरची. त्याच वर्षीची 911 ई त्याच 2195 सीसीमधून 155 काढते, कारण व्हॉल्व्ह उघडणारे कॅम वेगळे, कॉम्प्रेशन जास्त आणि कार्ब्युरेटरच्या जागी बॉशचं मेकॅनिकल इंजेक्शन. आता इंजिन ओव्हरहॉलला उघडलेलंच आहे, सगळं टेबलावर पसरलंय, तर टी ची ई करूनच टाकू असं ठरवलं आणि पार्ट शोधायला स्टुटगार्टहून दोन्ही दिवस पहाटे निघून जर्मनीतल्याच हॉकेनहाइमच्या रेस ट्रॅकवर भरणाऱ्या वेटेरामाला गेलो. जुन्या गाड्यांच्या पार्टचा एवढा मोठा बाजार मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. पाचपैकी चार स्टार देतो, एक का कापला ते खाली येईलच.

आधी हे इंजेक्शन काय आहे ते सांगतो म्हणजे पार्ट गोळा करणं एवढं किचकट का ते कळेल. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. सहा प्लंजरचा (पेट्रोल ढकलणाऱ्या दांड्यांचा) पंप, प्रत्येक सिलिंडरला एक, दोन ओळीत तीन-तीन. डाव्या कॅमशाफ्टवरून दात्यांचा पट्टा येऊन तो फिरवतो, आणि पंपातून सहा बारीक लाइन पेट्रोल फवारणाऱ्या सहा नोझलना जातात. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रकच्या डिझेल पंपात जसं असतं तसंच, रॅक (दात्यांची पट्टी) सरकली की प्लंजर फिरतो आणि इंधनाचं माप बदलतं. फक्त रॅक किती सरकायची ते इथे आत बसवलेला शंकूसारखा एक कॅम ठरवतो, थ्रॉटल दाबलं की तो फिरतो आणि आरपीएम वाढले की आडवा सरकतो. त्या कॅमच्या पृष्ठभागावर त्या इंजिनाची सगळी भूक कोरून ठेवलेली असते. म्हणून टी चा कॅम वेगळा, ई चा वेगळा, एस या तिसऱ्या मॉडेलचा वेगळा, आणि 2.0, 2.2, 2.4 लिटरचे परत वेगवेगळे, बाहेरून मात्र सगळे पंप भावंडांसारखे दिसतात.

बाजारातली सगळ्यात मोठी अडचण हीच. पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला, हात गारठलेले, एका स्टॉलवर ताडपत्रीवर पंप दिसला, कागदावर लिहिलेलं 911 ई. भाव 1900 युरो, बोलत बोलत 1450 वर आला. मी खिशातून पैसे काढले पण होते, आणि मग टॉर्च मारून पंपावरचा बॉशचा नंबर बघितला, तर तो 2.4 च्या टी चा. अमेरिकेत गेलेल्या 1972 च्या टी गाड्यांना इंजेक्शन होतं, युरोपातल्या टी ला मात्र कार्ब्युरेटरच, त्यामुळे टी चे पंप तिकडून परत येऊन इथे विकले जातात. विकणाऱ्याला सांगितलं तर म्हणाला सगळे सारखेच असतात. सारखे नसतात! माझ्या इंजिनाला तो लावला असता तर पेट्रोल-हवेचं मिश्रण कुठल्याच आरपीएमला नीट जुळलं नसतं आणि पिस्टनची वाट लागली असती. एक स्टार याच्यासाठी कापला, कारण तिथे कोणी तपासणारं नाही, घेतलं की तुमचं. के-जेट्रॉनिक या बॉशच्याच दुसऱ्या इंजेक्शनचे पार्टसुद्धा दोन-तीन ठिकाणी मेकॅनिकल इंजेक्शन म्हणून मांडलेले होते. नावाने चूक नाही, तेपण मेकॅनिकलच आहे, पण ते सतत फवारा मारणारं, पूर्ण वेगळं सिस्टिम, आणि 1971 च्या इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही.

दुपारी दुसऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या स्टॉलवर खरा 2.2 ई चा पंप मिळाला. तिथूनच नाशिकला काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी तीस वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम केलंय, मायको सर्कलपासून जवळच त्यांचं वर्कशॉप होतं. पंप बघितल्यावर पहिला प्रश्न, "अरे, हाताने फिरतोय का? रॅक अलगद जाते का, का अडकते?" मी म्हटलं काका फिरतोय पण थोडा जड वाटतोय. "पेट्रोल आत वाळलं असेल. डिझेलला स्वतःचा चिकटपणा असतो, पेट्रोलला नसतो, त्याला बाहेरून ऑइल दिलेलं असणार, ती लाइन बघ कुठे आहे. आणि कोणी उघडून प्लंजर इकडचे तिकडे केले असतील तर घेऊ नकोस, प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलची जोडी असते, ती मोडली की संपलं." ऑइलची बारीक लाइन खरंच होती, इंजिनातून पंपाला येणारी, आणि सोबत ती जोडणारा पोकळ बॅन्जो बोल्टसुद्धा होता. त्या गृहस्थांनी पंप कधी उघडलाच नव्हता, सील जुनेच होते. 2,200 युरोला घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात टेस्ट बेंचवर पाठवला. रीबिल्डचा खर्च पंपाच्या किमतीएवढाच आला, पण बेंचवर सहाही प्लंजरचं माप जुळवून दिलं त्यांनी, आणि ते केल्याशिवाय हा पंप कोणी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वेटेरामाची खरी कमाल मात्र छोट्या पार्टमधे आहे. पंप इंटरनेटवर पण मिळतात, पण थ्रॉटल बॉडीपासून पंपापर्यंतचा रॉड, त्याचे बॉल जॉइंट, डावीकडचं चेन कव्हर ज्याला पट्ट्याच्या पुलीसाठी भोक आणि सील असतं, पंपाखालचा ब्रॅकेट, फिल्टरचं कन्सोल, हे सगळं मी तीन डब्यांमधे हात घालून घालून शोधलं. त्या रॉडची लांबी 114 मिलिमीटर ठेवावी लागते, दशांश मिलिमीटरच्या हिशोबात, नाहीतर थ्रॉटल एक सांगतं आणि पंप दुसरंच ऐकतो. थ्रॉटल बॉडीचे शाफ्ट हलवून बघा, झिजलेले असतात, हवा ओढतात आणि मग सहाही सिलिंडर एका मापात येत नाहीत. माझ्या सेटला नवीन बुश टाकायला लागणार आहेत, ते धरूनच भाव केला.

हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा विषय विसरू नका, मी जवळजवळ विसरलो होतो. या इंजिनात नोझल हेडमधे बसतात, कार्ब्युरेटरवाल्या हेडला ते भोकच नसतं. एकतर मशीनिंग करून घ्या नाहीतर इंजेक्शनवाले हेड शोधा. मला सहापैकी चार हेड एका स्टॉलवर मिळाली, बाकी दोन मशीनिंगला देणार. टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन आणि प्रेशर टिकवणारा इलेक्ट्रिक फ्युएल पंप पण हिशोबात धरा, पहिल्या बजेटमधे मी हे धरलंच नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी एवढंच की रोख पैसे न्या, टॉर्च न्या, पंपांचे नंबर कागदावर लिहून न्या कारण तिथे नेटवर्क जातं येतं. पहिल्या दिवशी पहाटे पोचा, नऊनंतर चांगला माल उचललेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र भाव खाली येतात, कारण कोणालाच जड लोखंड परत गाडीत भरायचं नसतं, माझं चेन कव्हर असंच अर्ध्या किमतीत मिळालं.

अजून एक गोष्ट राहिलीये. पंपाच्या मागे थर्मोस्टॅट असतो, त्याला डाव्या हीट एक्स्चेंजरवरून गरम हवेचा पाइप येतो, इंजिन तापलं की मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी करायला. आतल्या पट्ट्या गंजतात म्हणून लोकांनी ते काढून फेकलेत, माझ्या पंपावरपण नव्हता. ऑक्टोबरच्या वेटेरामाला त्याच्यासाठी परत जातोय, कोणाकडे 2.2 चा चालू थर्मोस्टॅट असेल तर खाली लिहा, योग्य भाव देईन.