हवा शुद्ध करणारे यंत्र : चेंबूरमधील एका खोलीतील तीन हिवाळे

आमच्या घरी हे यंत्र आले ते आईच्या दम्यामुळे. चेंबूरमध्ये ती पन्नास वर्षे राहत आहे. जानेवारी २०१६च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग आणि त्यानंतर कित्येक दिवस पूर्व उपनगरांवर साचून राहिलेला धूर तिने याच खिडकीतून पाहिला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तिचा पंप उशीखालून हलत नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी डॉक्टरांनी सुचवले म्हणून आम्ही सुमारे तेरा हजार रुपयांना मध्यम आकाराचे यंत्र घेतले. कंपनीचे नाव देत नाही, कारण या किमतीत मिळणारी यंत्रे आतून जवळपास सारखीच असतात आणि मला सांगायचे आहे ते त्या सर्वांना लागू पडते.

यंत्राची रचना साधी आहे. पंखा खोलीतील हवा आत ओढतो. पुढची जाळी केस आणि मोठी धूळ अडवते, त्यामागचा हेपा फिल्टर सूक्ष्म कण धरून ठेवतो आणि शेवटी सक्रिय कोळशाचा एक थर असतो. श्वासातून फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचणारे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि त्यांनाच आपण पीएम २.५ म्हणतो. चांगला हेपा फिल्टर यांतील बहुतेक सर्व कण खरोखरच अडवतो, त्यामुळे या बाबतीत जाहिरात खोटी नाही. खोटी नाही, पण अर्धवट आहे ती खोलीच्या आकाराबाबत.

खोक्यावर ‘५०० चौरस फुटांसाठी’ असे लिहिलेले होते. यंत्र ताशी २५० घनमीटर शुद्ध हवा देते आणि या आकड्याला सीएडीआर म्हणतात. दहा फूट उंचीच्या ५०० चौरस फुटांच्या खोलीत सुमारे १४० घनमीटर हवा मावते, म्हणजे यंत्र पूर्ण वेगाने चालवले तरी तासाभरात ती हवा दोनदासुद्धा गाळून होत नाही. दम्याच्या रुग्णासाठी ती ताशी निदान पाच वेळा गाळली जावी असे धरले, तर आमच्या यंत्राला झेपणारी खोली १७०-१८० चौरस फुटांचीच ठरते. आईची खोली १२ बाय ११ फुटांची असल्यामुळे आमचे निभावले. शिवाय सीएडीआरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो, आणि त्या वेगाला यंत्राचा आवाज इतका होतो की झोप लागत नाही. रात्रीच्या शांत वेगात मिळणारी शुद्ध हवा जेमतेम एक तृतीयांश उरते. म्हणून आम्ही झोपण्याआधी तासभर दार-खिडक्या लावून यंत्र पूर्ण वेगाने चालवतो आणि मग मधल्या वेगावर आणतो. खरेदी करणाऱ्याने खोक्यावरील चौरस फूट न वाचता सीएडीआर वाचावा आणि खोलीच्या घनफळाशी त्याचा हिशेब स्वतः करावा, हा माझा पहिला आग्रह आहे.

यंत्रावर दिसणाऱ्या पीएम २.५च्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. त्यातील मापक यंत्राच्या कुशीतलीच, म्हणजे नुकतीच गाळलेली हवा मोजतो. मी वेगळा छोटा मापक आणून आईच्या उशाशी ठेवला, तेव्हा यंत्रावर ९ दिसत असताना तिथे २४ दिसत होते. तरीही २४ हा आकडा आमच्या दृष्टीने मोठा दिलासा होता. भारतीय मानकानुसार पीएम २.५ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये आपली शिफारस १५वर आणली, आणि डिसेंबरमधील काही पहाटे आमच्या सज्जात शंभराच्या वर आकडे दिसतात. मुंबईला समुद्राचा वारा वाचवतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिवाळ्यात तो वारा मंदावतो, रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि रस्त्यांवरची, बांधकामांची, कारखान्यांची धूळ व धूर तिथेच तरंगत राहतो.

एक गोष्ट यंत्रामुळेच कळली, आणि ती ऐकायला फारशी आवडणार नाही. स्वयंपाकघरात फोडणी दिली, देवापुढे उदबत्ती लावली की आकडा बाहेरच्या हवेपेक्षाही वर जातो. डासांच्या कॉइलचे तर विचारूच नये. कॉइल आम्ही पहिल्याच आठवड्यात बंद करून मच्छरदाणी लावली, आणि या एका बदलाचा आईला यंत्राइतकाच उपयोग झाला असे मला मनापासून वाटते.

यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. माहूलकडच्या तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे आमच्या भागाला लोक ‘गॅस चेंबर’ म्हणतात, आणि काही रात्री येणारा उग्र वास या यंत्राने किंचितही कमी होत नाही, कारण त्यातील कोळशाचा थर बोटभरही जाड नाही. खोली सतत बंद ठेवली की श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साचून डोके जड होते, तोही यंत्र काढत नाही. म्हणून दुपारी, हवा त्यातल्या त्यात बरी असताना, खिडक्या उघडाव्याच लागतात. आयन सोडणारे बटण असेल तर ते बंदच ठेवावे. त्यातून ओझोन तयार होऊ शकतो आणि दम्याच्या रुग्णाला तो घातक आहे.

विजेचा खर्च महिन्याला दहा-बारा युनिट, म्हणजे नगण्य. खरा खर्च फिल्टरचा. तो वर्षभर टिकेल असे सांगितले होते, आमचा आठ महिन्यांत काळा पडला. नवा तीन हजारांना, आणि तोही ऐन डिसेंबरात पाच आठवडे वाट पाहिल्यावर मिळाला. पुढचा फिल्टर ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवावा.

तो काळा फिल्टर बदलत असताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्या गोवंडीहून येतात. “ताई, हे सगळं आईंच्या छातीत गेलं असतं का?” असे त्यांनी विचारले, आणि लगेच, आपल्या धाकट्याला सारखा खोकला असतो, असेही सांगितले. त्यांच्या घराला एकच दार आहे, खिडकी नाही. तिथे तेरा हजारांचे यंत्र ठेवले तरी ते कोणती हवा गाळणार, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या दिवसापासून मी या यंत्राकडे आईचे औषध म्हणून पाहते. घरात दमेकरी, हृदयरोगी किंवा तान्हे मूल असेल तर ते जरूर घ्यावे. निरोगी माणसाने केवळ मनाच्या समाधानासाठी घेण्यापेक्षा शेजारच्या बांधकामाकडे आधी लक्ष द्यावे. ऑक्टोबर २०२३मध्ये महापालिकेने काढलेल्या नियमांनुसार एक एकराहून मोठ्या बांधकामाभोवती निदान ३५ फूट उंच पत्रे आणि नियमित पाणी शिंपडणे बंधनकारक आहे. आमच्या सोसायटीने त्या नियमाची प्रत जोडून विभाग कार्यालयाला दोनदा पत्र दिल्यावर मागच्या गल्लीतील पत्रे उंच झाले आणि सज्जातली धूळ डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली. या कामाला टपालखर्चाखेरीज पैसा लागला नाही आणि त्याचा लाभ बाहेर खुर्चीवर रात्र काढणाऱ्या वॉचमनलाही झाला.

शेवटची तक्रार जुन्या फिल्टरची. कंपनी तो परत घेत नाही, आणि सुक्या कचऱ्यात टाकला तर तो एखाद्या कचराभूमीवर जाऊन कधीतरी जळणार. तीन हिवाळ्यांचे तीन फिल्टर मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत आणि ते परत घेण्याची व्यवस्था करावी, असे कंपनीला लेखी कळवले आहे.