रोज नवं पान की एकाच पानावर ध्यान?

टॅरो म्हणजे भविष्य किंवा मन वाचायला वापरतात ते चित्रांचे पत्ते; त्याची पानं ७८. ती आपलीशी करायच्या दोन्ही वाटा मी फोंड्याच्या घरी चालून पाहिल्या. रोज सकाळी एक पान काढून वहीत दोन ओळी लिहिल्या की अर्थ पटकन पाठ होतात. ५६ छोट्या पानांसाठी, म्हणजे साध्या पत्त्यांसारख्या चार गटांतल्या पानांसाठी, हेच बरं. स्वतःचं नाव आणि चित्र असलेल्या २२ मोठ्या पानांना मात्र ध्यानच हवं, असं माझं ठाम मत.

१९०९ च्या रायडर-वेट या टॅरो संचातला 'हर्मिट', म्हणजे एकांतवासी साधूचं मोठं पान, मी आठवडाभर समईच्या उजेडात पाहत बसले. कौलांवर पाऊस वाजत होता. सातव्या दिवशी दिसलं, त्याच्या कंदिलात सहा टोकांचा तारा आहे आणि मान खाली झुकलेली, मागून डोंगर चढणाऱ्या कुणासाठी दिवा धरल्यासारखी. वहीत मी त्याच्यापुढे नुसतं 'एकांत' लिहिलं होतं.