घरगुती ऑटोमॅटिक शिलाई मशीन: दिवाळीपासून आतापर्यंत वापरून आलेला अनुभव

दिवाळीच्या आधी मशीन घेतली, आता उन्हाळा लागलाय. मधल्या काळात परकर, उशांचे अभ्रे, पडदे, मुलीचे दोन फ्रॉक आणि सासूबाईंचे ब्लाउज असं बरंच शिवून झालं, म्हणून आता लिहितेय. घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे बॉक्स उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीचे होते, रंग छान, वजन कमी, पॅकिंग उत्तम, आणि दोऱ्याबद्दल एक अक्षर नाही! कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. पुढून बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी) भरायची, झिगझॅग म्हणजे नागमोडी टीपवाली, विजेवरची पण पायाच्या पेडलने चालवायची जी घरगुती मशीन असते ती ही, आणि या प्रकारच्या मशिनी आतून बऱ्याचशा सारख्याच असतात.

मशीन चांगली आहे, मी खूश आहे. पण दोरा तुटतो, खाली गुंता होतो, टीप सुटते अशा ज्या तक्रारी लोक करतात ना, त्यातल्या बहुतेक ठिकाणी मशीन ठीकच असते, दोरा ओवताना काहीतरी राहिलेलं असतं. आमच्याकडे डेमोला जो माणूस आला त्याने भराभर दोरा घातला, फुलापानांच्या टिपा मारून दाखवल्या, चहा घेतला आणि गेला. मला खरंच राग आला. डिझाइनच्या टिपा तर डायल फिरवला की कुणालाही जमतात, दोरा या वाटेनेच का न्यायचा ते सांगायला नको का?

तर ऐका. दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला पाहिजे, खाली नाही. वरच्या टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्या असतात, फूट वर असला की त्या उघड्या राहतात आणि दोरा मधे नीट बसतो. फूट खाली असताना ओवलात तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर सरकतो, दिसायला सगळं बरोबर पण टेन्शन शून्य. मग शिवायला लागलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं आणि माणूस बॉबिनला दोष देत बसतो. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो, हे एक वाक्य मशीनवर चिकटवून ठेवा.

टेन्शनमधून निघाला की दोरा वर जातो आणि वरखाली होणाऱ्या लिव्हरच्या डोळ्यात अडकवायचा. या लिव्हरमधे दोरा अडकवायचा पुष्कळदा राहून जातो, कारण बाजूचं हाताने फिरवायचं चाक चुकीच्या जागी थांबलेलं असलं की तो आत लपलेला असतो. म्हणून आधी चाक हाताने आपल्याकडे फिरवून लिव्हर आणि सुई अगदी वर आणायची. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं, उलटं फिरवलं की दोरा अडकतो. मग दोरा खाली आणून सुईजवळच्या तारेतून सुईत, समोरून मागे. सासूबाईंच्या जुन्या काळ्या पायाच्या मशीनला सुई बाजूने ओवतात, त्यामुळे त्यांचा हात सारखा तिकडेच जायचा. आता त्यांना ह्याचीही सवय झालीये आणि हौसेने बसतात. सुईत दोरा घालायचा छोटा हुक सोबत येतो तो त्यांच्या डोळ्यांसाठी फार कामाचा, फक्त ९ नंबरच्या बारीक सुईच्या नाकात तो हुक जात नाही, तिथे हातानेच.

बॉबिन केसची, म्हणजे बॉबिन ज्या छोट्या डबीत बसते तिची, एक परीक्षा सांगते. बॉबिन आत टाका, दोरा फटीतून ओढून पत्रीखालून बाहेर काढा, आता दोऱ्याला धरून केस हवेत लटकवा. आपोआप घसरत खाली आली तर सैल, हलका झटका देऊनही जराही हलली नाही तर घट्ट, झटक्याला थोडीशी उतरून थांबली की बरोबर. बारीक स्क्रू असतो तो अगदी किंचित फिरवायचा. केस मशीनमधे बसवताना तिचं वर आलेलं बोट खाचेत गेलं पाहिजे आणि टक् असा आवाज आला पाहिजे, आवाज नाही आला तर काढून परत बसवा, तसंच चालवलं तर सुई मोडते.

वरचं टेन्शन समजून घ्यायला वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून जुन्या चादरीच्या तुकड्यावर टीप मारा. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन जास्त, खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर कमी. साध्या कॉटनला माझ्याकडे ४ वर छान बसतं. सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची चार-पाच इंच शेपटी मागे ओढून धरायची, नाहीतर पहिल्याच टाक्याला दोरा सुईतून निघून येतो.

सुईच्या बाबतीत जास्त जपा. आम्ही इंदूरला राहतो म्हणजे घरात माहेश्वरी साडी असणारच, आणि सिल्क-कॉटनच्या त्या पातळ पोतावर १४ नंबरच्या सुईने टीप मारली की भोकं दिसतात, धागा ओढला जातो. तिथे ११ नंबर घाला, टीप थोडी बारीक ठेवा. नेहमीच्या कॉटनला १४, जीन्सला १६, टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई. सुईची दांडी एका बाजूने चपटी असते, ती चपटी बाजू मागे करून पूर्ण वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळायचा. सीतलामाता बाजारात खरेदीला गेले तेव्हा एका दुकानात गोल दांडीच्या सुया हातात ठेवल्या, त्या कारखान्यातल्या मशीनच्या, आपल्याला चालत नाहीत, तेव्हा पाकीट उघडून बघूनच घ्या. आणि सुई मोडेपर्यंत वापरू नका हो, सात-आठ तास शिवून झालं की बदला, एवढ्याशा सुईसाठी चांगलं कापड कशाला खराब करायचं.

आता न आवडलेलं. जीन्सच्या बाजूच्या शिवणीवर जिथे चार-पाच थर येतात तिथे मोटर दमते, तेवढे टाके चाक हाताने फिरवून घालावे लागतात. दिव्याचा उजेड कमी आहे, संध्याकाळी टेबल लॅम्प लागतोच. फोल्डिंग टेबलवर ठेवली तर थरथरते, जड लाकडी टेबल पाहिजे. काज चार स्टेपमधे होतं आणि सुबक होतं, पण डाव्या-उजव्या बाजूचे टाके सारखे येतात का ते आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर अस्तरासकट करून बघावं लागतं, थेट ब्लाउजवर नको. रोज दहा-बारा ब्लाउज शिवून धंदा करायचा असेल तर ही मशीन घेऊ नका, सरळ टिपेची जड मशीनच घ्या. घरचं शिवण, फॉल, अल्टरेशन, मुलांचे कपडे यासाठी मात्र मी बिनधास्त घ्या म्हणेन.

देखभाल फार नाही. बॉबिन केस काढून आतली लिंट (कापडाचा बारीक कचरा) ब्रशने साफ करायची, विशेषतः पडदे किंवा फ्लॅनेल शिवल्यावर, तिथे कापसाची गादीच साचते. तेल पुस्तिकेत दाखवलंय तिथेच, एक थेंब, आणि फक्त मशीनचं पांढरं तेल. खोबरेल कधीच घालू नका, ते आत चिकट होऊन बसतं आणि मशीन जड चालायला लागते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टिपा मारून घ्या, मग चांगलं कापड. आणि घेतानाच दुकानात त्याच मापाच्या जास्तीच्या बॉबिन मागून घ्या, रंग बदलताना भरलेली बॉबिन उलगडत बसावं लागत नाही. मला सोबत मिळाल्या त्या पुरल्या नाहीत.