चॉप सॉ गेला, बॅण्डसॉ आला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, आडवा बॅण्डसॉ, म्हणजे दातेरी पट्टीचं पातं फिरवून धातू कापणारं हे यंत्र, सावकाश कापतं. 40 बाय 40 ची, 3 मिमी जाडीची चौकोनी ट्यूब चॉप सॉवर दहा-बारा सेकंदांत तुटून पडायची. आडव्या बॅण्डसॉला तिलाच सव्वा-दीड मिनिट लागतं. 50 मिमीचा भरीव गोल बार लावला की पाच मिनिटं विसरायची. पहिला आठवडा मी यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभा असायचो आणि आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला की काय, असं वाटायचं.

चॉप सॉ माझ्याकडे दोन वर्षं होता. घासून कापणारी 355 मिमीची चकती, मिनिटाला 3800 फेरे. हिशेब केला तर चकतीची कड सेकंदाला 70 मीटर वेगाने धावते. बॅण्डसॉचं पातं मिनिटाला 37 मीटर धावतं, म्हणजे शंभरपटींहूनही जास्त हळू. दोघांच्या स्वभावातला सगळा फरक या दोन आकड्यांत आहे. चकती धातू तापवून, जाळून बाहेर काढते. पात्याचा दात तो खरवडून काढतो. कापलेला तुकडा बॅण्डसॉवरून उतरवला की नुसता कोमट लागतो, खाली कुरळा कीस पडलेला असतो. चॉप सॉवरचा तुकडा हातात धरायची सोय नसायची. कडेला जाड बर (कापताना कडेवर उरलेली धातूची खरखरीत धार), टोक निळं पडलेलं. मध्यम कार्बनचा शाफ्ट असेल तर त्या टोकाला चक्क पाणी चढायचं, म्हणजे ते कडक व्हायचं, आणि ड्रिल नुसतं वर घसरायचं.

तरी तेवढ्यावरून मी यंत्र बदललं नसतं. एका संध्याकाळी काम आटोपून दार लावलं आणि अर्ध्या तासाने काहीतरी विसरलं म्हणून परत आलो, तर आत धूर. यंत्रापासून सहा-सात फुटांवर लाकडाचा भुसा साठला होता, त्यात एक ठिणगी जाऊन बसली होती. ज्वाळा नव्हती, भुसा आतल्या आत धुमसत होता. विसरलेली वस्तू कोणती होती ते आता आठवत नाही, पण ती विसरली हे नशीब. एकाच खोलीत लाकूड आणि लोखंड दोन्ही करत असाल तर एवढं एक कारण पुरे आहे.

वेगाबद्दलची कुरकुर थांबली ती टेबलाचा सांगाडा करताना. सोळा तुकडे होते. पूर्वी असे सोळा तुकडे पंधरा मिनिटांत कापून व्हायचे आणि मग उरलेली संध्याकाळ ग्राइंडरने बर काढण्यात आणि कानशीने टोकं गुण्यात आणण्यात जायची. चकती दाबाखाली किंचित वाकते, त्यामुळे 40 मिमीत एखादा मिमी तिरपं हमखास. ती फट मग वेल्डिंगने बुजवत बसायचं आणि सांगाडा ओढला गेला म्हणून पुन्हा कपाळाला हात. बॅण्डसॉवर एक तुकडा कापला जात असताना मी आधीच्या तुकड्यावर कानशीचे दोन हात मारत होतो, पुढच्यावर खूण करत होतो. कापून झालं की यंत्र आपलं आपण बंद होतं. शेवटचा तुकडा खाली पडला तेव्हा बाकीचे पंधरा वेल्डिंगला तयार होते.

पण हे सगळं खोक्यातून काढल्या काढल्या मिळालं नाही. पहिलाच काप खाली जाता जाता दोन मिमी बाहेर गेला. गुण्या लावून पाहिलं तर पातं व्हाइसच्या (माल आवळून धरणाऱ्या शिकंज्याच्या) तळाशी काटकोनात नव्हतंच. पात्याला पीळ देऊन सरळ धरणारी जी बेअरिंगं असतात ती सैल होती, ताण कमी होता. ही बेअरिंगं पात्याला अलगद टेकतील इतपत जुळवण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. ही बेअरिंगं धरणारा सरकता गाइड मालाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणायचा, हे त्यानंतर कळलं. दोन गाइडमध्ये पात्याचा उघडा भाग जितका लांब, तितकं ते भरकटतं.

सोबत आलेलं पातं बोथट व्हायला फार वेळ लागला नाही. मग बायमेटल घेतलं: पाठ स्प्रिंग स्टीलची, दातांची कड हायस्पीड स्टीलची. माझ्या यंत्राला 1640 मिमी लांब आणि 13 मिमी रुंद लागतं. दात किती घ्यायचे यावर सरळ नियम असा की कापताना किमान तीन दात धातूत हवेत. त्या हिशेबाने 3 मिमीच्या भिंतीला इंचाला 24 दात हवेत. मी 10/14 वर, म्हणजे इंचाला 10 ते 14 दातांच्या पात्यावर, दाब हलका ठेवून भागवतो. दीड मिमीच्या पातळ ट्यूबवर मात्र हा आगाऊपणा अंगाशी आला. टक् टक् आवाज आला, बंद करेपर्यंत सलग आठ-नऊ दात उडाले होते. आता पातळ मालाला 24 चं वेगळं पातं ठेवलंय.

त्याहून मूर्खपणाची गोष्ट पुढे आहे. बार अर्धा कापून झाल्यावर जुनं पातं तुटलं. नवं चढवलं आणि त्याच खाचेत उतरवलं. झिजलेल्या पात्याने पाडलेली खाच अरुंद असते, नव्या दातांची फाक रुंद. पातं तिथेच आवळलं गेलं आणि नव्याकोऱ्या दातांची वाट लागली. बार उलटा करून दुसऱ्या बाजूने कापायला घेतला असता तर काही झालं नसतं.

व्हाइस ही या यंत्राची खरी दुखरी बाजू. तोकडा तुकडा एका टोकाला धरला की सरकता जबडा तिरपा होतो आणि माल निसटतो. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा अडकवला की काम होतं. अशा तुकड्यांचा एक डबाच झालाय. अँगल (एल आकाराची पट्टी) कापताना तो छपरासारखा, कोपरा वर करून ठेवायचा, म्हणजे पात्याला एकदम रुंद पट्टी भेटत नाही. स्टँड पत्र्याचा, डुगडुगता; मी तो फेकून जाड अँगलचा केला. 45 अंशात कापायचं म्हटलं की यंत्राची क्षमता बरीच घटते, तेही घेण्याआधी बघा.

कार्बाइड दातांच्या गोल पात्याने कापणारा कोल्ड सॉ आठवडाभर वापरायला मिळाला होता. काप आरशासारखा, वेळ काही सेकंद, ठिणग्या जवळजवळ नाहीत. दिवसभर फ्रेमच करणाऱ्याने तोच घ्यावा, मी आडवा येणार नाही. पण आवाज कान फोडणारा, गरम कीस थेट अंगावर, आणि पकड सुटून माल जरा हलला की दात टवके उडून जातात. पातं महाग असल्याने तो धसका कायम राहतो. आठवड्याला चार-सहा काप करणाऱ्या माझ्यासारख्याला ते झेपत नाही.

स्टेनलेसला सर्वांत कमी वेग आणि न थांबणारा दाब द्यायचा. दात नुसते घासत राहिले तर तो तिथे कडक होतो आणि पुढे ऐकत नाही. बिडाला तेल-पाणी लावत नाही, कोरडंच कापतो. ॲल्युमिनियमला वरचा वेग आणि पात्याला थोडं मेण.

आणि दोन सळयाच तोडायच्या असतील तर मी अजूनही हॅक्सॉ उचलतो. दात पुढच्या दिशेला, दाब पुढे जाताना, मागे येताना हात हलका. बॅण्डसॉचा व्हाइस आवळून होईस्तोवर 10 मिमीची सळई तुटलेली असते.