अक्षरी पंचवीस रुपये: शिवडीच्या निशसाठी पाटी करून घेतली, त्याचा अनुभव

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत निशची पाटी बसवायची असेल, तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव देत नाही, कारण एक तक्रार आहे आणि मिस्त्री माणूस भला आहे. भायखळ्याच्या बाजूला किचनचे ओटे आणि देव्हारे करणारं छोटं दुकान. बाहेर तुळशीवृंदावनं रांगेत उभी, आत कटरचा आवाज आणि पायाखाली पांढरा चिखल. थडग्याच्या पाट्या हा त्यांचा जोडधंदा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईत मेल्यावरही जागेची टंचाई आहे. टिळकांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांना १९३० साली शिवडीत मिळाली तशी आपली अशी कबर आता आमच्यासारख्यांना कुठली मिळायला? आईला पुरून तीन वर्षं झाली आणि कबर उघडायचा निरोप आला. हाडं पांढऱ्या फडक्यात बांधून भिंतीतल्या फूटभर कोनाड्यात ठेवली. तीच निश. तिच्या तोंडावर पाटी लागते.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथे संगमरवराचे साडेचार हजार सांगितले आणि बोलणं मान वर न करता. या मिस्त्रींनी काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा दाखवला. ओट्यात सिंक बसवताना चौकोन कापून निघतो ना, तो. "ताई, निशला एवढा पुरतो. सहाशे द्या. कोरायचे अक्षरी पंचवीस." जोडाक्षराचं एक की दोन, हे मी लगेच विचारलं. महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय, असले प्रश्न मला आधी सुचतात. ते हसले आणि म्हणाले, "तुमचं एकच धरतो."

मग मजकूर. इथून पुढचा उशीर दुकानाचा नाही, आमच्या घराचा.

मामा ब्याऐंशीचे. त्यांनी लिहून दिलं: "येथे त्यांचे शरीर पुनरुत्थानाची वाट पाहत निजले आहे." तेवीस अक्षरं, पाचशे पंचाहत्तर रुपये. भाच्याने लिहिलं: "आत्मा देवाजवळ." सात अक्षरं, एकशे पंचाहत्तर. आत्मा स्वस्तात पडत होता.

मामांचं म्हणणं, दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे असं तोंडाने म्हणता, मग पाटीवर लिहायला लाज कसली? त्या विश्वासवचनाच्या मूळ लॅटिनमध्ये तर 'मांस' असाच शब्द आहे. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला तेव्हा शिष्यांना भूत वाटलं, तर त्याने हातपाय दाखवले, चाचपून बघा म्हणाला, खायला काही आहे का विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खाल्ला. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय. "भूत मासे खातं का?" हे मामा दर ईस्टरला विचारतात आणि दर ईस्टरला आमच्याकडे बांगडे असतात.

भाचा काही कच्चा नाही. दारं बंद असताना आत आला तो कुठलं शरीर घेऊन? त्याची शिष्या मग्दालीया मरीया, तिला तो माळी का वाटला? अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याबरोबर एवढे चालले, पण भाकर मोडेपर्यंत ओळख पटली नाही. आणि प्रेषित पौल स्वतःच म्हणतो की मांस आणि रक्त यांना देवाच्या राज्याचा वारसा मिळत नाही. तेव्हा हाडांच्या गाठोड्याला वाट कसली बघायला लावता, असा त्याचा सवाल.

तिसऱ्या खेपेला आमचा कागद बघून मिस्त्री वैतागून म्हणाले, "ताई, गेल्या लिहू की झोपल्या लिहू? एक काय ते ठरवा." इतक्या वर्षांत उपदेशातही मी हा प्रश्न इतका सरळ ऐकला नव्हता. 'गेल्या' म्हटलं की भिंतीत उरलंय ते टाकलेलं कापड. 'झोपल्या' म्हटलं की तेच उठणार.

चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढून ४४व्या वचनावर बोट ठेवलं. पेरलं जातं ते प्राणमय शरीर, उठवलं जातं ते आध्यात्मिक शरीर. म्हणाले, "'शरीर' हा शब्द दोन्हीकडे आहे, बघा. ग्रीकमध्ये दोन्हीकडे सोमा. एकीकडे शरीर आणि दुसरीकडे वारा, असं पौलाने म्हटलेलंच नाही. आध्यात्मिक म्हणजे हवेचं नव्हे, देवाच्या आत्म्याने चालणारं." करिंथमधल्या काहींना मेलेले उठतात हेच पटत नव्हतं म्हणून एवढा अध्याय लिहावा लागला, आणि तिथे पौलाने उदाहरण दिलं ते दाण्याचं. दाणा पेरता तेव्हा पुढे येणारं रोप पेरत नाही, पण रोप येतं ते त्या दाण्याचंच.

आई संगमनेरकडची. बाजरी पेरण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. नाव, दोन सालं आणि खाली "पेरले आहे". पाच अक्षरं.

मामा म्हणाले, भिंतीत काय पेरतात? त्यांना शिवडीला नेलं. आमच्या निशच्या वर दोन रांगा सोडून सिमेंटच्या फटीतून पिंपळाचं रोप आलं होतं, वीतभर, तांबूस पानांचं. मामा बघत राहिले, मग म्हणाले, "ते उपटायला सांग, भिंत फुटेल." पण पुन्हा वाद घातला नाही. भाच्याने फोनवर फक्त अंगठा पाठवला.

आता तक्रार. मजकूर मी व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवला होता. दुकानातल्या पोराने तो कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टमध्ये घेतला आणि जोडाक्षरं फुटली. नमुन्याच्या कागदावर आईच्या नावातल्या त चा पाय मोडलेला आणि पुढचं अक्षर वेगळं उभं. बरं झालं आत्म्याची ओळ घेतली नव्हती, त्याचाही पाय मोडला असता. मी लाल पेनाने दुरुस्त करून दिलं, तरी दुसऱ्या नमुन्यात तेच. शेवटी मिस्त्रींनी स्टिकर लावून मशीनने वाळू मारून अक्षरं उठवायचा बेत सोडला आणि छिन्नी-हातोडी घेऊन स्वतः बसले. 'ले'ची मात्रा कोरताना श्वास रोखून धरत होते. हाताने कोरायचे जास्त पैसे मागितले नाहीत. त्या दोन शब्दांसाठी तरी पैसे वसूल.

वेळेचं मात्र विचारू नका. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आठवडाभर आधी, देतो म्हणाले आणि हातात पडली ती ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी. गवंडी शोधायला माझी धावपळ झाली. पहाटेच्या उपासनेनंतर आम्ही फुलं घेऊन जातो, तोवर बसली कशीबशी.

जाणार असाल तर निशचं माप स्वतः घ्या, दिलेल्या मापावर जाऊ नका. आमची अर्धा इंच अरुंद निघाली, पाटीची कडा जागेवर घासावी लागली. बसवणाऱ्याचे पैसे वेगळे. गूगल पे चालतं, पावती मागावी लागते. आणि अक्षरांत सोनेरी रंग भरू नका, पहिल्याच पावसात आमच्या 'आहे'चा उडाला. मिस्त्रींनी एकदा फुकट भरून दिला, या वेळी पांढरा ऑइलपेंट.