एकट्यानं काउन्सेलरकडं जावं का ग्रुपमधी बसावं?

आत्याचा पोरगा लातूरला नीटचा रिपीटर आहे, झोप नाही, मेसमधी पण कोपरा धरून एकटाच जेवतो. डॉक्टरांनी सांगितलं एकट्याचं काउन्सेलिंग घे नाहीतर ग्रुपला ये, तर ह्यानं रात्री अकराला मला फोन लावला, दादा, ग्रुप थेरपी म्हंजे सगळ्यांसमोर रडायचं का? मी दोन्हीकडं बसलेलोय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं टाकायलोय.

एकट्याच्या सेशनला 45 मिनिटं ते तासभर मिळतो आणि तो सगळा आपला. जे आजवर घरात कुणाला बोललो नाही ते पहिल्यांदा बोलायचं असलं तर हीच जागा बरी. पण एक घोळ आहे, समोरच्याला आपण सांगू तेवढंच कळतं. मी तर तिथं इतका शहाण्यासारखा बोलायचो की मॅडमला वाटलं असंल, हा आलाच कामून?

ग्रुपमधी साधारण सात-आठ जण, एक किंवा दोन थेरपिस्ट, आठवड्यातून एकदा दीड तास. पारावरच्या गप्पा नाहीत आणि सल्ल्यांचा पाऊस पण नाही (पहिल्या दोन बैठकांत पडतो, मग थेरपिस्ट आवरतात). खरी गंमत अशी की आपण बाहेर जसं वागतो तसंच चार-सहा आठवड्यांत तिथं वागायला लागतो. मला एकानं तोंडावर विचारलं, तुम्ही बोलताना कुणाकडंच बघत नाही, आमचा कंटाळा येतो का? तिथली बाकी गोष्ट तिथंच ठेवतो, पण हे वाक्य माझ्याबद्दलचं होतं म्हणून सांगतो, वर्षभराच्या एकट्याच्या सेशनमधी मला हे कळलं नव्हतं. आयर्विन यालोम ह्या अमेरिकन डॉक्टरनं ग्रुपमुळं माणूस बरा का होतो याची 11 कारणं मांडलीत, त्यातलं एक म्हंजे 'हे माझ्या एकट्याचंच नाही' हे कळणं. रिपीटर पोरांना ते फार लागतं, कारण प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांचं झकास चाललंय.

पैशाचं म्हणाल तर ग्रुपची फी बहुतेक ठिकाणी कमीच पडते. ह्या प्रकाराची सुरुवातच तशी झाली, 1905 साली बोस्टनमधी जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरनं सॅनेटोरियम न परवडणाऱ्या टीबीच्या पेशंटांना एकत्र बसवलं होतं.

आता आपल्याकडची खरी अडचण. लातूर काय, बीड काय, आठ माणसं बसली की त्यात एखादा मामाच्या गावचा निघणारच. थेरपिस्टवर गुपित ठेवायचं बंधन असतं, बाकीच्या सात जणांवर फक्त दिलेल्या शब्दाचं. म्हणून नाव नोंदवायच्या आधीच थेट विचारा, ओळखीचं कुणी निघालं तर काय करता? चांगला थेरपिस्ट आधी एकेकट्याला भेटतो, मगच ग्रुपमधी घेतो. न भेटता डायरेक्ट बसवत असतील तर मी तरी जाणार नाही.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील किंवा भलतेसलते आवाज ऐकू येत असतील तर ग्रुप-बिग्रुप नंतर, आधी सायकियाट्रिस्ट. रात्री-बेरात्री 14416 हा सरकारचा टेलीमानस नंबर आहे, फुकट, मराठीत पण बोलतात. दारू सोडायचीय त्यांच्यासाठी एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनोनिमस) आहे, 1935 पासून चालू, तिथं फी नाही अन् थेरपिस्ट पण नाही, सगळे त्याच वाटेनं आलेले, पण ते वेगळं प्रकरण.

पोराचं दुखणं माणसांत बसायचंच आहे, मग ते एकट्याच्या खोलीत किती सुटणार? म्हणलं दोन सेशन एकट्याची कर, मग ग्रुपला जा, आणि निदान दहा बैठका उठू नको, पहिल्या तीन-चार कुणालाच बऱ्या वाटत नाहीत. परवा मेसेज आला, दादा, बसलो पण काहीच बोललो नाही.

चालतंय म्हणलं, पुढच्या गुरुवारी पण जा.